जुळलं की घंटा वाजते

मास्तरांचा अंगठा फोनच्या काचेवर अधांतरी थांबला होता. मी त्यांच्या मागच्या बाकावर डबा उघडून बसले होते. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. चार, पाच, सहा. सातव्या सेकंदाला पडद्यावरचं एक लिंबू आणि त्याच्या शेजारचं पान थरथरलं. मास्तरांनी लगेच तीच दोन एकमेकांच्या जागी सरकवली. तीन लिंबं एका ओळीत आली, फुटली, नाहीशी झाली. वरची फळं खाली घसरली. बारीक घंटा वाजली.

"काय गं, माझ्या पाठीला काही लागलंय का?" मास्तर मागे न बघता म्हणाले.

"नाही. का हो?"

"मघापासून बघतेयस, म्हणून विचारलं."

मी डब्याचं झाकण लावलं आणि वहीत लिहिलं: बारा चाली. अकरा वेळा थरथर होईपर्यंत थांबले.

मास्तर म्हणजे आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यातले रंगमास्तर. मी आठ महिन्यांपूर्वी रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागले. काम सांगायला सोपं आहे. गिऱ्हाईक तळहाताएवढा नमुना देतं आणि म्हणतं, असा रंग हवा. कापडाचा प्रत्येक लॉट रंगवून झाला की त्याचा तुकडा कापून आमच्याकडे येतो. आम्ही तो नमुन्याच्या शेजारी दिव्याच्या पेटीत ठेवतो. ही पेटी आतून राखाडी असते आणि तिला तीन दिवे असतात: एक दिवसाच्या उजेडासारखा, एक ट्यूबलाईटसारखा, एक पिवळ्या बल्बचा. तिन्ही दिव्यांखाली दोन तुकडे एकच दिसले तर शिक्का मारायचा. तिन्ही दिवे लागतात, कारण कित्येक रंग एका दिव्याखाली सख्खे भाऊ वाटतात आणि दुसऱ्याखाली ओळखही दाखवत नाहीत.

रंगातला फरक मोजायचं यंत्रही आहे. ते आकडा देतं. आकडा एकाच्या आत असला की ठीक समजायचं. "गिऱ्हाईक आकडा अंगात घालत नाही," असं मास्तर म्हणायचे, आणि यंत्राच्या आधी स्वतः बघायचे. चौतीस वर्षं ते हेच करत आले होते. त्यांच्या नजरेबद्दल कारखान्यात दंतकथा होत्या. त्यातली एक त्यांनी स्वतःच कबूल केली होती. मेहुण्याच्या नव्या घरी गेले असताना सोफ्याच्या गाद्या दोन वेगळ्या लॉटच्या आहेत, हे त्यांनी चहाचा पहिला घोट घेता घेता सांगून टाकलं होतं. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता.

अशा माणसाने शिक्का मारलेला लॉट परत आला, तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. निळसर राखाडी कापड होतं, नर्सच्या गणवेशाचं. आधीच्या लॉटशेजारी ठेवल्यावर चक्क हिरवट दिसत होतं. साहेबांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "दुपारी मास्तर फोनमध्ये डोकं घालून बसतात ते तुझ्यासमोरच ना?"

"हो. फळांचा खेळ आहे. तीन सारखी जुळवायची."

"सत्तावन्नाव्या वर्षी हे चाळे! लक्ष कामात कसं राहणार? महिनाभर नजर ठेव आणि काय ते मला लेखी दे."

"लेखी कशाला, साहेब?"

"तोंडी मी कुणाचं ऐकत नाही, आणि लेखी नसलं तर वर माझं कुणी ऐकत नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर उत्सुकता वाटली.

पहिला संशय सोपा होता: मास्तर काम सोडून खेळत असणार. दहा दिवसांच्या नोंदींनी तो खोडून काढला. ते जेवणाच्या सुट्टीत एक वाजून दहा मिनिटांनी खेळायला बसायचे आणि एक चाळीसला फोन खिशात टाकायचे. तुकडा हातात असताना त्यांनी एकदाही फोनला हात लावला नाही. साहेब स्वतः त्याहून जास्त वेळ फोनवर असायचे, पण त्याची नोंद ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट खटकणारी होती. ज्यांना सोफ्याच्या दोन गाद्यांतला फरक बसल्या जागी दिसतो, त्यांना चौसष्ट फळांत तीन लिंबं दिसत नाहीत? खेळाची एक सोय असते. तुम्ही सहासात सेकंद काही केलं नाहीत तर तो कंटाळून स्वतःच दोन फळं हलवून दाखवतो: ही घे. मास्तर त्याचीच वाट बघायचे.

आणि तिसरी गोष्ट. "हा तू बघ," असं म्हणून मास्तर काही तुकडे माझ्या टेबलावर सरकवायला लागले होते. "सगळं मीच केलं तर तू शिकणार कधी?" मी मोजलं. दोन आठवड्यांत एकतीस लॉट झाले. माझ्याकडे आलेले नऊ. नऊच्या नऊ निळे, हिरवट निळे किंवा निळसर राखाडी. एकही लाल नाही, एकही पिवळा नाही. योगायोग लागोपाठ नऊ वेळा येत नाही. निळे लॉट अवघड असतात, परत येतात ते तेच. म्हणजे पुढचा परत आला तर मान कुणाची अडकणार? माझी. पण मग सही? शिक्का मी मारायचे आणि त्याखाली सही मात्र ते स्वतः करायचे, तुकड्याकडे नीट न बघता. ते कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

म्हणून मी तो खेळ माझ्या फोनमध्ये घेतला. मासळी पकडायची तर पाण्यात उतरावं लागतं, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिले दोन दिवस मी फक्त निरीक्षण केलं. आठ गुणिले आठ चौकोन. सहा प्रकारची फळं: लाल बोर, नारिंगी फोड, पिवळं लिंबू, हिरवं पान, निळा थेंब, जांभळा घोस. पान आणि थेंब फळं नाहीत हे लक्षात येऊनही मी तक्रार केली नाही. प्रत्येकाचा आकार वेगळा. हे मला महत्त्वाचं वाटलं. मास्तरांच्या डोळ्यांत काही बिघाड असेल तर तो खेळात दिसावा, असा माझा कयास होता. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मी सगळे रंग काढून टाकले. पडदा करडा झाला. तशा पडद्यावर वीस डाव खेळले आणि आधीच्या वीस डावांशी ताडून बघितले. जवळजवळ फरक नव्हता. या खेळाला रंग लागतच नाही. रंग नुसता नटवण्यापुरता. तेव्हा डोळ्यांचा कयासही निकालात निघाला, असं मी वहीत लिहिलं. किती घाईने लिहिलं ते पुढे कळलं.

तिसऱ्या दिवशी मी निरीक्षण विसरले.

ते कसं झालं हे मला नीट सांगता येत नाही, आणि नीट सांगता न येण्याची मला सवय नाही. त्यात विचार करावा लागत नाही असं नाही, पण जेमतेम चहा ढवळताना लागतो तेवढाच. तीन सारखी दिसतात, बोट जातं, पसारा थोडा कमी होतो. लगेच वरून नवा पसारा पडतो. दिवसभरात दुसरी कुठलीच गोष्ट अशी तीन सेकंदांत सुरू होऊन तीन सेकंदांत पुरी होत नाही. मला खेळाचाही संशय यायला लागला. मी हरलेल्या चाळीस डावांची नोंद ठेवली: तेवीस डावांत, नेमून दिलेल्या चाली संपताना, फोडायचं एकच फळ उरलं होतं. एकच! चार वेळा हरलं की पाचव्यांदा फळं जणू हात जोडून जवळ जवळ उभी राहायची. मला कुणीतरी खेळवतंय हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

"तुझ्या अंगठ्याला काय झालंय?" आईने एकदा विचारलं. "बोलताना पण हलतोय."

"प्रयोग चाललाय, आई."

"कुणाचा कुणावर?"

मी पुढची चाल केली. जीव संपायला आले होते. या खेळात पाच जीव असतात आणि हरल्यावर एकेक जातो. गेलेला परत यायला अर्धा तास लागतो.

तो गुरुवार होता. पन्नासावी पातळी पार केली म्हणून खेळाने मला बक्षीस दिलं: अर्धा तास न संपणारे जीव. कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. जेवणाची सुट्टी होती. एक पंचविसला खालून निरोप आला की गाडी फाटकात उभी आहे, हा एक लॉट आत्ताच पास करून हवा. मास्तरांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि माझ्यासमोर ठेवला. "बघ गं." पडद्याचं कापड होतं, फिकट निळं.

मी पेटीत ठेवलं. दिवसाच्या उजेडाचा दिवा लावला. नमुना आणि तुकडा, मधली फट सोडली तर एकच. यंत्राने आकडा दिला: शून्य पूर्णांक चार. उत्तम. यंत्रालाही कुठल्या दिव्यासाठी मोजायचं ते सांगावं लागतं. मी एकच सांगितला. माझ्या फोनवर चौदा मिनिटं उरली होती. मी शिक्का मारला. मास्तरांनी सही केली. गाडी गेली.

त्या चौदा मिनिटांत मी तीन पातळ्या पार केल्या. हे मला अजून आठवतं, आणि जास्त लाज त्याचीच वाटते.

सतरा दिवसांनी तो लॉट परत आला. दुकानात पिवळे दिवे होते. जुन्या पडद्यांशेजारी नवे पडदे जांभळट दिसत होते. सगळे जेवायला गेल्यावर मी परत आलेला तुकडा पेटीत ठेवला आणि तिसरं बटण दाबलं. बल्ब लागायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ चूक दिसायला लागला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांचा आवाज मुद्दाम शांत होता.

"दोन लॉट. दोन्हींवर मास्तरांची सही. शनिवारी सकाळी तुझं टिपण घेऊन ये. त्यांनाही बोलावलंय. चौतीस वर्षं झाली म्हणून इतके दिवस गप्प होतो, पण आता घरी बसवावं लागणार."

"साहेब, त्यांच्या निवृत्तीला अकराच महिने राहिलेत."

"म्हणूनच तर. आणखी अकरा महिन्यांत किती लॉट होतात ते तूच मोज, तुला आवड आहे."

मी वही उघडून बसले. तीत लिहिलेलं सगळं खरं होतं. बारा चाली, अकरा थरथरी. नऊ निळे. सही करताना तुकड्याकडे बघितलं नाही. नुसतं हेच सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं असतं तर त्यात एक शब्द खोटा नसता, आणि मास्तर घरी गेले असते. माझ्याबद्दल वहीत एकही पान नव्हतं.

शुक्रवारी एक वाजून दहा मिनिटांनी मी मागच्या बाकावर न बसता मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले. माझा फोन त्यांच्यापुढे धरला. पडदा करडा केला होता.

"हे काय, बिनरंगाचा?" मास्तर हसले. "जमतो का असा?"

"जमतो. आकार वेगळे आहेत ना. रंग लागतच नाही."

"मग तुला कळलंच की."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला एक क्षण काहीच कळलं नाही. मग कळलं. मी चुकीच्या बाजूने विचार करत होते. डोळे तपासायला कुणी हा खेळ खेळत नसतं. उलट, रंग न ओळखता जिथे जुळवता येतं अशी ही जागा होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष होईल. साखर आहे ना मला. डॉक्टर म्हणाले, ती डोळ्याच्या पडद्यावर गेलीय. लाल, पिवळा, नारिंगी सगळं झक्क. निळा आणि हिरवा शेजारी आले की दोघंही धुक्यात उभे. कोण कुठला ते पत्ता नाही."

"घरी सांगितलंय?"

"बायकोला. ती म्हणाली, बरं झालं, आता माझ्या भावाकडे तोंड बंद ठेवाल."

मी हसले नाही. त्यांना ते आवडलं नसावं. त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि करड्या पडद्यावर तीन थेंब जुळवले. घंटा वाजली.

"हे ऐकलंस?" ते म्हणाले. "चौतीस वर्षं जुळवतोय. जुळलं तर फोन करून कुणी सांगतं का, की मास्तर, छान जुळलंय हो? फोन येतो तो न जुळल्याचाच. इथे तीन जुळले की घंटा. पाच जुळले की वर मोठ्या अक्षरात शाब्बास. मला शाब्बास म्हणणारे होते ते केव्हाच रिटायर होऊन गेले. आणि चुकलं तर बघ." त्यांनी मुद्दाम एक बोर चुकीच्या जागी सरकवलं. ते गुमान आपल्या जागी परत आलं. "झालं. विषय संपला. कुणी ट्रक भरून परत पाठवत नाही."

"पण मग थरथर होईपर्यंत थांबता का? आकार तर दिसतात."

"तू तेही मोजलंस?"

"हो."

"किती?"

"बारात अकरा."

"ती बारावी चुकून गेली असणार." आता ते खरंच हसले. "अगं, जो तो मला येऊन विचारतो, मास्तर, यातला कुठला? बाई गं, एकदा तरी कुणीतरी मला सांगावं की नाही, की हा बघ, हा घे?"

खाली यंत्रांचा भोंगा झाला. मी म्हटलं, "पडद्याचा लॉट माझा होता, मास्तर. मी एकच दिवा लावला."

"माहीत आहे. पेटीच्या बटणाचा खटका केवढा वाजतो. एकदाच वाजला."

"मग तुम्ही सही का केलीत?"

मास्तरांनी फोन मला परत दिला. "तुझ्यावर विश्वास ठेवला असं म्हणू? तसं नाही. दुसरा दिवा लाव म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, घाई आहे तर तुम्हीच बघा ना. आणि मी काय बघणार होतो?"

"उद्या काय सांगणार साहेबांना?"

"काही नाही. गप्प बसणार. अकरा महिने काढायचेत मला. तू काय लिहायचं ते तुझं तू ठरव, मी काही सांगणार नाही."

शनिवारी साहेबांच्या टेबलावर दोन्ही परत आलेले तुकडे नमुन्यांसह मांडून ठेवले होते, पुरावे ठेवतात तसे. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी टिपण पुढे केलं. अर्ध्या पानाचं होतं. पडद्याचा लॉट मी तपासला, तीनपैकी एकच दिवा लावला, कारण त्या वेळी मी फोनवर खेळत होते. मास्तर कामाच्या वेळात कधीही खेळले नाहीत. खाली माझी सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"तू? अगं, तुला लक्ष ठेवायला बसवलं होतं!"

"हो, साहेब."

"हा काय साथीचा रोग आहे का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याच्यामागे आणखीही काही होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"म्हणजे दुसरा हिचा," ते मास्तरांना म्हणाले. "राहिला पहिला. चौतीस वर्षांत एखादा व्हायचाच. तो मी सांभाळून घेतो वर. तुम्ही जा कामाला. हिचं काय करायचं ते बघतो मी."

मास्तर उठले. दारापर्यंत गेले. मुठीवर हात ठेवला. अकरा महिने त्या दाराच्या पलीकडे होते, आणि दार आत्ता कुणी अडवून धरलेलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. मग परत येऊन खुर्चीवर बसले, या वेळी पाठ टेकून.

"साहेब, पहिला माझा होता. आणि तो एखादा म्हणून झालेला नाही. मला निळ्यातलं दिसत नाही. दीड वर्ष झालं."

"काय बोलताय?"

"खरं तेच."

साहेबांनी टेबलावरचे दोन निळसर तुकडे उचलून त्यांच्यापुढे धरले. आवाज जवळजवळ विनवणीचा होता. "हे बघा. यातला हिरवट कुठला? सांगा की."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. "सांगेन मी. कदाचित बरोबरही येईल, दोनच तर आहेत. पण ते बघून सांगितलेलं नसेल."

साहेबांनी तुकडे खाली ठेवले.

बाहेर जिन्यात मी विचारलं, "तुम्ही तर गप्प बसणार होता."

"बसणारच होतो." मास्तर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. "पण तू असं सगळं अंगावर घेऊन बसलीस. उद्या निळा परत आला की परत तुझंच नाव, आणि मी शेजारी बसून लिंबं फोडतोय. बरं दिसलं असतं का?"

निर्णय दोन दिवसांनी आला. मास्तरांनी महिनाअखेरपर्यंत यायचं, मला शिकवायचं, मग थांबायचं. मला ताकीद मिळाली, लेखी. खेळ मी त्याच संध्याकाळी फोनमधून काढून टाकला आणि बुधवारी परत घेतला. आईला हे सांगितलेलं नाही.

परत आलेल्या पडद्याच्या कापडाचा रंग उतरवून ते पुन्हा रंगवायचं होतं. त्याआधी थोड्याशा कापडावर रंग करून बघतात. तसे चार तुकडे पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर आले. मास्तरांनी आपली खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. त्यांच्या हातात कागद आणि पेन्सिल होती.

मी पहिला तुकडा नमुन्याशेजारी ठेवला. पहिला दिवा. दुसरा. तिसरा.

"सांग," मास्तर म्हणाले.

"पिवळ्याखाली थोडा लालसर जातोय."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडासाच."

"थोडासा हा आकडा नाही, असं तूच म्हणतेस ना? कशासारखा, ते सांग."

मी परत बघितलं. घाई केली नाही. "हाताला शाई लागली आणि साबणाने धुतली, की नखाच्या कडेला एक जांभळट रेघ राहते. तितका."

"हां." ते कागदावर लिहायला लागले. "आता बोललीस. म्हणजे निळा चुकीचा घेतलाय रंगवणाऱ्यांनी. तो जांभळ्याकडे झुकणारा आहे. तो सोड, दुसरा घे, हिरव्याकडे झुकणारा. आणि लाल दोन शतांश कमी." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्या रंगांची प्रमाणं पुस्तकात न बघता लिहिली होती, ओळीखाली ओळ, सरळ. "दुसरा ठेव."

मी दुसरा ठेवला. तुकड्याची एक कड पेटीबाहेर लोंबत होती. मास्तरांनी ती दोन बोटांत धरली, पोत बघतात तशी.

"दिवे लाव," ते म्हणाले.

मी लावले. काही वेळाने मला जाणवलं की ते काहीच विचारत नाहीत, म्हणून मी नजर वर केली. कापड त्यांच्या चिमटीत तसंच होतं. ते पेटीत बघत नव्हते. माझे डोळे कुठे थांबतात ते बघत होते, डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी करून, जसे पूर्वी नमुन्याकडे बघायचे.